रुपराव वानखेडे यांची शोकसभा

आपण वारल्याचं रुपराव वानखेड्यांना न्हाव्याच्या दुकानात कळलं. गालाला साबण फासलेला, मान मागे टाकलेली, आणि शेजारच्या बाकावर गावचे पोस्टमास्तर आदल्या दिवशीचा नागपूरचा पेपर वाचत बसलेले. वाचता वाचता पोस्टमास्तर थबकले. त्यांनी रुपरावांकडे पाहिलं, मग पेपरात पाहिलं, मग पुन्हा रुपरावांकडे.

"रुपरावजी, तब्येत ठीक आहे ना?"

"काहून गा?"

"नाई, म्हटलं, इथं तुमची शोकसभा झाल्याचं छापून आलं आहे."

न्हाव्याचा वस्तरा जागच्या जागी थांबला. रुपरावांनी साबणासकट उठून पेपर हातात घेतला. तिसऱ्या पानावर, सिनेमाच्या जाहिरातीखाली, खरंच होतं. रावबहादूर श्रीधरपंत हायस्कूलच्या माजी विद्यार्थी संघाने आपले हितचिंतक व काटोल भागातील प्रगतिशील बागाईतदार कै. रुपराव दादाजी वानखेडे यांना श्रद्धांजली वाहिली. संघाचे अध्यक्ष, वकील भैय्याजी खानझोडे यांचा कंठ दाटून आला. गणितातला हिरा हरपला, असे ते म्हणाले. उपस्थितांनी दोन मिनिटे उभे राहून मौन पाळले.

अर्धी दाढी तशीच ठेवून रुपराव घरी आले. रुखमाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नवऱ्याने बातमी वाचून दाखवली, ती त्यांनी सोलणं न थांबवता ऐकली.

"तुमी मेले आन् मले कोनी कळवलं नाई?"

"तुले कळवून काय करतीन? तू संघाची मेंबर थोडी आहे."

"आन् हा गणितातला हिरा कोन?"

"मीच, म्हणे."

"बापा!" रुखमाबाई म्हणाल्या. "मेल्यावर माणसाले गणितबी येते काय!"

बागेतली झाडं मोजायची तरी रुपरावांचा आकडा दर वेळी वेगळा यायचा, आणि शेवटी रुखमाबाईंनाच पदर खोचून ओळीओळीतून फिरावं लागायचं. मॅट्रिकला गणितात ते दोनदा आपटले होते. तिसऱ्यांदा बसायची हिंमत झाली नाही, म्हणून तर ते गावात परतले आणि संत्र्याच्या बागेला लागले. बाग उत्तम झाली, हे वेगळं.

संघाची आणि त्यांची ओळख जुनी. भैय्याजींनी संघ काढला तेव्हा शाळेच्या सगळ्या लेकरांना पुन्हा एका धाग्यात ओवायचं, असं ते सांगत फिरले होते. पण धाग्यात ओवायला त्यांनी मणी निवडून घेतले. एक जज्ज, एक सिव्हिल सर्जन, एक पाटबंधाऱ्यातला मोठा इंजिनियर, आणि एक अमेरिकेत गेलेला, ज्याचा नुसता फोटोच दर वर्षी हार घालून खुर्चीवर ठेवत. उरलेल्यांनी सतरंजीवर बसून या मण्यांकडे बघायचं. पहिल्या मेळाव्याला रुपराव हौसेने गेले. दहा वर्षांचं पोरगं असताना ते खेड्यातून नागपूरला त्या शाळेत आले होते, बोर्डिंगात राहिले होते, त्या शाळेच्या घंटेवर त्यांचा जीव होता. ओळख करून द्यायची त्यांची पाळी आली तेव्हा सेक्रेटरी मधुकरराव धानोरकरांनी विचारलं, "आपण काय करता?" "संत्र्याची बाग आहे," रुपराव म्हणाले. मधुकररावांनी मान वर केली आणि त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात पोस्टकार्ड यायचं. आपली आठवण सर्वांनाच येते, मेळावा अमुक तारखेला आहे, गतवर्षीप्रमाणे संत्री आणावीत. रुपराव टोपल्या भरून पाठवत. पोचल्याचं कार्ड कधी आलं नाही. संत्री खाऊन झाली की संघाला रुपरावांची आठवण यायची ती थेट पुढच्या बहराला.

"जाऊन येतो नागपूरले," अर्ध्या दाढीवरून हात फिरवत रुपराव म्हणाले.

"कायले?"

"मी कशानं मेलो, ते तं विचारून येतो."

मधुकरराव शिक्षण खात्यातून रिटायर झालेले. धरमपेठेत त्यांचं बैठं घर होतं, फाटकावर नावाची पाटी, पाटीवर सगळ्या पदव्या. दार त्यांनीच उघडलं. चष्म्यातून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं.

"आपण?"

"मी कैलासवासी," रुपराव म्हणाले. "आत येऊ काय?"

मेलेला माणूस दारात उभा राहिला तर कोणाला भीती वाटेल, कोणाला आनंद होईल. मधुकररावांच्या चेहऱ्यावर यातलं काहीच उमटलं नाही. तिथे दिसला तो निव्वळ वैताग, नीट लावून ठेवलेलं कपाट कोणी उपसल्यावर येतो तसा.

"अहो, पण स्मरणिका छापून आली!" ते म्हणाले. "काळी चौकट टाकून!"

आतून भैय्याजींचा आवाज आला. रविवारच्या मेळाव्यात व्यासपीठावर कोणी कुठे बसायचं, हे ठरवायला ते आले होते आणि आरामखुर्चीत पाय पसरून बसले होते. वकिली मुरलेला माणूस, त्यामुळे ते मधुकररावांसारखे गडबडले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पसरले.

"अरे रुपराव! शंभर वर्षं जगणार तू! पण काय रे, निदान एक ओळ तरी टाकायची आम्हाला."

"काय टाकू? जित्ता आहो म्हणून?"

"तसं नव्हे. संपर्क ठेवायला हवा ना. संपर्कासाठीच तर संघ आहे आपला."

रुपराव खुर्चीच्या टोकावर बसले. बातमी कोणी दिली, हे त्यांनी विचारलं. मधुकररावांचे साडू वीज बोर्डात होते, त्यांनी सांगितलं होतं, की तुमच्या शाळेतले रुपराव वानखेडे गेले, बरेच दिवस दवाखान्यात होते. "आता रुपराव वानखेडे म्हटल्यावर आपणच," मधुकरराव म्हणाले. "दुसरं कोण येणार डोळ्यांसमोर?"

"मंग माझ्या घरी कोनी आलं काहून नाई? बायको, लेकरं, कोनाले भेटलं नाई तुमी?"

"काटोल किती लांब पडतं हो," मधुकरराव म्हणाले.

"आन् भाषणात काय सांगतलं?"

भैय्याजींना हे आवडलं. स्वतःचं भाषण पुन्हा करायला मिळणं त्यांना कधीच जड जात नसे. ते खुर्चीत सावरून बसले. "मी म्हटलं, मास्तर फळ्यावर अडले की रुपराव उठायचा, त्यांच्या हातातला खडू घ्यायचा आणि गणित सोडवून जागेवर जाऊन बसायचा. भूमिती मला रुपरावनं शिकवली. मधल्या सुट्टीत आम्ही एका पेल्यानं पाणी प्यायलेले मित्र. लोकांचे डोळे ओले झाले, विचार मधुकररावांना."

रुपरावांनी ऐकलं. खडू घेणारा तो हात त्यांना स्पष्ट दिसला. काळा, काटकुळा हात, मनगटाला शाईचा डाग.

"भैय्याजी, खडू घेनारा तो देवाजीचा रुपराव. मी दादाजीचा."

वर्गात दोन रुपराव वानखेडे होते. नाव एक, आडनाव एक, म्हणून मास्तर बापाच्या नावाने हाक मारायचे, दादाजीचा आणि देवाजीचा. दादाजीचा काटोलकडचा, कुणब्याचा, बोर्डिंगात राहणारा. देवाजीचा नागपुरातल्याच इंदोऱ्याहून पायी येणारा, महारवाड्यातला, दाराशेजारच्या बाकावर एकटा बसणारा. दादाजीच्याला गणित यायचं नाही आणि देवाजीच्याला गणिताशिवाय काही सुचायचं नाही. वही दाखवायला दादाजीचा त्या दाराशेजारच्या बाकाजवळ जायचा. पुढे छप्पन साली देवाजीच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतल्याचं रुपरावांच्या कानावर आलं होतं. मग पावसाळे गेले, बहर गेले, आणि कानावर काही आलं नाही.

"म्हणजे तो मेला," रुपराव म्हणाले.

मग मधुकररावांनी घसा साफ केला. "तो, इंदोऱ्याकडचा? तो संघाचा सभासद नव्हता पण."

"त्याले कोनी केलं सभासद?"

"अर्ज यायला हवा ना."

भैय्याजींनी हात वर केला. कोर्टात समोरच्या वकिलाला थांबवताना ते असाच हात वर करत असावेत. "यात अडचण कसली? नाव तेच, आडनाव तेच, शाळा तीच. आपण सभा घेतली ती त्याची झाली, असं धरायचं. भाषणसुद्धा त्यालाच लागू पडतं. वाया काहीच गेलेलं नाही."

"आणि पारितोषिकही चालेल," मधुकररावांचा चेहरा खुलला. संघाने रुपराव वानखेडे गणित पारितोषिक जाहीर केलं होतं. "फक्त स्मरणिकेत आपल्या वडिलांचं नाव आहे, तेवढं शाईनं खोडून घेऊ."

रुपराव उठले. या दोघांपुढे चिडायचं तरी कोणत्या तोंडाने, हेच त्यांना कळेना. एक माणूस मेला होता, त्याची बायको असेल, लेकरं असतील, त्यांच्या घरात दुखवटा असेल, आणि इथे दोन शिकलेली माणसं शाईची बाटली शोधत होती. ते फाटकाशी पोचले तेव्हा मधुकरराव मागून घाईघाईने आले.

"रविवारी या मात्र. आता आपण आहातच, तर संत्री..."

रुपरावांनी फाटक लावून घेतलं.

इंदोऱ्यात वीज बोर्डातल्या रुपराव वानखेड्यांचं घर शोधायला त्रास पडला नाही. पानठेल्यावर विचारलं, तर पानवाल्याने हातातला कात बाजूला ठेवला आणि विहाराच्या मागची गल्ली बोटाने दाखवली. "गेले ना ते," तो म्हणाला. "माहीत आहे ना तुमाले?"

दोन खोल्यांचं घर. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्याखाली फोटो, फोटोला ताजा हार. फोटोतला माणूस कपाळाला आठ्या घालून बघत होता. रुपरावांना हसू आलं. या आठ्या त्याला बाराव्या वर्षीच होत्या.

दारात एक तरुण मुलगी आली. तिचं नाव प्रेमिला, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती आणि नुकतीच ड्यूटी संपवून आली होती. तिच्या मागे तिची आई, इंदूबाई.

"आपण कोण?" प्रेमिलाने विचारलं.

"मी रुपराव वानखेडे."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. मग इंदूबाईंच्या डोळ्यांत ओळख उतरली.

"काटोलचे? ढ रुपराव?"

"हाव," रुपराव म्हणाले. "तोच."

"बसा ना. हे सांगत तुमचं. माझ्या नावाचा एक होता म्हणत, त्याले भागाकार काई जमला नाई. पोट्टीले गणित नाई आलं का म्हणत, काटोलले पाठवून देऊ काय तुले?"

त्या दिवसभरात रुपराव पहिल्यांदा मोकळं हसले. मग त्यांनी सगळं सांगितलं, पेपरातली बातमी, धरमपेठेतलं घर, भाषण, पारितोषिक, शाई. प्रेमिला भिंतीला टेकून ऐकत होती. पेल्याची गोष्ट आली तेव्हा मात्र इंदूबाईंनी रुपरावांना थांबवलं.

"काय म्हणे? एका पेल्यानं?"

"हाव."

इंदूबाई हसायला लागल्या. आधी पदर तोंडावर धरून, मग पदर सोडून. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "अवं प्रेमिला, ऐकलं काय? एका पेल्यानं! अवं, तुया बापाले चपराशी वरून पानी टाके, हातभर दूरून. टाकलं तं टाकलं. सुट्टी संपून जाय आन् हे ओंजळ धरून उभेच. मले म्हणत, शाळेतल्या पान्याची चव मले माहीत आहे, पेल्याची नाई." मग त्या एकाएकी थांबल्या आणि त्यांनी रुपरावांकडे सरळ पाहिलं. "तुमी कुठून पेत होते?"

"माठातून," रुपराव म्हणाले.

"हं," इंदूबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मग प्रेमिला बोलली. तिचं मराठी आईसारखं नव्हतं, ऑफिसातलं, घासूनपुसून घेतलेलं होतं.

"बाबा एकदा गेले होते त्या मेळाव्याला. मी शाळेत होते तेव्हा. पेपरात वाचलं, सगळ्या माजी विद्यार्थ्यांनी यावं, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दारात एक चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी बाबांना ओळखलं. म्हणाले, तुम्ही वीज बोर्डातले ना, बरं झालं आलात, हॉलमधला पंखा बंद आहे, मागच्या दारानं या. बाबा बिलं लिहायचे, काका. पंख्यातलं त्यांना काय कळतं?"

"मंग?"

"मग घरी आले. शर्ट काढून, घडी घालून ठेवला."

चष्मेवाला गृहस्थ कोण, हे रुपरावांना विचारावं लागलं नाही. त्यांनी मेळाव्याचं सांगितलं. आपण रविवारी जाणार आहोत, आणि गप्प बसणार नाही. "तुमी येता काय?"

"मी कायले येऊ?" इंदूबाई कपबश्या घेऊन बाहेर आल्या. "मी घरीच हसतो."

"मी येते," प्रेमिला म्हणाली. "बघू तरी, बाबांचं ते काय करतात."

रविवारी शाळेचा हॉल माणसांनी भरला होता. व्यासपीठावर मण्यांची ओळ लागली होती, जज्ज, सर्जन, इंजिनियर आणि हार घातलेला अमेरिकेचा फोटो. दारात मधुकरराव स्वागताला उभे होते. त्यांची नजर आधी रुपरावांच्या दोन्ही हातांवर गेली, मग त्यांच्या मागे, कोणी टोपल्या आणतंय का ते बघायला. मागे फक्त प्रेमिला होती.

"ही देवाजीच्या रुपरावची मुलगी," रुपराव म्हणाले.

"हो का! फार छान, फार छान," मधुकरराव म्हणाले, आणि ती कोण हे लक्षात येताच तिला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मागच्या दाराने न्यायचं त्यांच्या मनात आलं नाही, एवढी तरी त्यांची प्रगती झाली होती.

भैय्याजी बोलायला उभे राहिले. सुरुवात त्यांनी विनोदाने केली. "आपल्यात आज एक गृहस्थ स्वर्गातून रजा काढून आले आहेत," असं म्हणून त्यांनी रुपरावांकडे हात केला आणि हॉल खदखदून हसला. मग त्यांनी आवाज खाली आणला. झालेली गफलत त्यांनी दोन वाक्यांत गुंडाळली आणि तेच भाषण पुन्हा केलं. तोच खडू, तीच भूमिती, तोच दाटलेला कंठ. फक्त दादाजींच्या जागी देवाजी आले आणि काटोलच्या जागी इंदोरा. पेलासुद्धा तसाच आला. उलट या खेपेला तो जास्त चमकत होता, कारण भैय्याजींनी पुढे जोडलं, "आमच्या शाळेत भेदभाव नावाला नव्हता. त्या काळातही नव्हता."

रुपराव उठले. त्यांचं नाव कोणी पुकारलं नव्हतं. ते सरळ व्यासपीठावर चढले आणि माइकपाशी गेले. माइक त्यांच्या उंचीला जास्त होता, पण त्यांनी तो खाली केला नाही, आवाजच मोठा केला.

"मले भाषन येत नाई. पन एक सांगतो. भैय्याजी म्हणून राहिले, एका पेल्यानं पानी पेलो. खोटं आहे. माठावर पेला होता, त्यानं भैय्याजी पेत, मी पेत. देवाजीचा रुपराव बाहेर उन्हात ओंजळ धरून उभा राहे, आन् चपराशी वरून पानी टाके. भैय्याजीले भूमिती त्यानंच शिकवली, हे खरं आहे. मलेबी शिकवे, मले आली नाई. मॅट्रिक झाला, नोकरी केली, इथून हाकेच्या अंतरावर राह्यला. एकदा तुमच्या मेळाव्यात आला तं तुमी त्याले पंखा दुरुस्त कराले सांगतलं. दवाखान्यात पडून होता तं कोनी गेलं नाई. मेला तं तुमी माझी शोकसभा घेतली. असा संघ काय कामाचा?"

ते थांबले. आता शिव्या पडतील, कोणी हात धरून खाली ओढेल, असं त्यांना वाटलं होतं. त्याची त्यांनी तयारीही ठेवली होती.

जज्जसाहेबांनी टाळी वाजवली. मग सर्जनने. मग सगळ्या हॉलने. बराच वेळ टाळ्या वाजत होत्या. मागच्या रांगेतून कोणीतरी "वा!" म्हणालं. भैय्याजींनी रुपरावांच्या खांद्यावर हात टाकला आणि माइक स्वतःकडे ओढला. "किती मोकळेपणा! हा मोकळेपणा आपल्याला या शाळेनं दिला. आणि रुपराव, तुझी तळमळ आमच्यापर्यंत पोचली बरं का."

रुपराव तोंड उघडं टाकून उभे राहिले. दगड भिरकावला होता, तो या लोकांनी झेलून, पुसून, हारात गुंफून गळ्यात घातला होता. यांना शिवी दिली तर तीही हे लोक स्मरणिकेत छापतील.

मधुकररावांनी शाल आणि नारळ आणला. "कै. रुपराव देवाजी वानखेडे यांच्या कन्येचा सत्कार," भैय्याजींनी पुकारलं. "त्यांच्या नावाचं गणित पारितोषिक दर वर्षी देण्यात येईल."

प्रेमिला व्यासपीठावर गेली. मधुकररावांनी शाल पुढे केली. तिने ती घेतली नाही. ती माइकपाशी गेली.

"बाबांचं नाव काढून टाका," ती म्हणाली.

भैय्याजींना नीट ऐकू आलं नाही, किंवा आलं. "बेटी, मी समजू शकतो. भावनेच्या भरात..."

"भावनेच्या भरात नाही. मी टेलिफोनवर काम करते. चुकीचा नंबर लागला की लोकांना सांगावं लागतं, ज्यांना तुम्ही शोधताय ते इथे राहत नाहीत. तसंच सांगते आहे. या नावाचे गृहस्थ तुमच्याकडे नव्हते. त्यांचं नाव तुम्हाला वापरता येणार नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. कानाशी बोलल्यासारखा तो हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. या वेळी टाळी वाजली नाही. पहिल्या रांगेतल्या बायकांनी आपापल्या पर्सा मांडीवर ओढून घेतल्या.

भैय्याजी क्षणभरच अडखळले. "ठीक आहे. मग ते नाव या रुपरावांचं समजू. मुळात त्यांचंच होतं."

"माझंबी काढा," रुपराव म्हणाले. "मी गणितात नापास आहो. आन् मेलो तं बिल्कुल नाई."

"अहो, पण स्मरणिका!" मधुकरराव हलक्या आवाजात, रडकुंडीला येऊन म्हणाले.

हा विषय कार्यकारिणीत घेऊ, असं भैय्याजींनी जाहीर केलं आणि सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. लोक उभे राहिले. तेवढ्यात मागच्या दाराने चहाच्या किटल्या आणि आलूबोंड्यांची परात आत आली, गरम तेलाचा वास हॉलभर पसरला, आणि स्तब्धता आपोआप मोडली. त्या गर्दीत जज्जसाहेब रुपरावांजवळ आले. "सुंदर बोललात," ते म्हणाले. "वऱ्हाडी बोलीचा गोडवाच वेगळा. पुढच्या वर्षीही बोला."

कार्यकारिणीत तो विषय कधी आला नाही. पारितोषिक त्या वर्षी दिलं गेलं आणि पुढेही दिलं जात राहिलं. कोणत्या रुपरावाच्या नावाने, हे कोणी विचारलं की मधुकरराव म्हणायचे, संघाच्या रुपरावांच्या.

रुपराव आणि प्रेमिला कोणाचा निरोप न घेता बाहेर पडले आणि रिक्षात बसले. रिक्षावाला पायडल मारत होता. मग प्रेमिलाने विचारलं, "काका, बाबा शाळेत खरंच कसे होते?"

रुपरावांनी विचार केला. दोन तास कौतुक ऐकून त्यांना कौतुकाची शिसारी आली होती.

"खडूस होता," ते म्हणाले. "मले शिकवे, पन दर वाक्याले टपली मारे. माझ्यापेक्षा लहान होता, तरी मारे."

प्रेमिला हसली. "घरी पण तसेच."

"एकदा मास्तरनं फळ्यावर उत्तर चुकवलं. हा उठून म्हणे, चुकलं. मास्तरनं त्याले वर्गाबाहेर उन्हात उभं केलं. आता दुसरा कोनी गप्प राहे ना? हा खिडकीतून ओरडून ओरडून बरोबर उत्तर सांगे. मास्तर खिडकी लावे, तं हा दुसऱ्या खिडकीत जाय. शेवटी वर्गातल्या साऱ्या खिडक्या बंद झाल्या, आन् आमी आत घामानं भिजून राहिलो होतो, आन् याचा आवाज तरीबी येऊन राह्यला होता."

प्रेमिला इतकी हसली की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. हसता हसता तिचा चेहरा बदलला, तिने तोंड बाहेर वळवलं.

"हे आईला सांगा," मग ती म्हणाली. "तिला हे माहीत नाही."

इंदूबाईंनी ताटं वाढली होती. दुपार कलली होती, तरी त्या जेवायच्या थांबल्या होत्या. मेळाव्यात काय झालं, हे त्यांनी विचारलंच नाही. प्रेमिला सांगायला लागली, तर हाताने नको म्हणाल्या. खिडक्यांची गोष्ट मात्र त्यांनी घास हातात धरून ऐकली.

"मले कधी सांगतलं नाई हे," त्या म्हणाल्या. "आन् तुमचे ते भैय्याजी? ते काय करत होते तवा?"

"तो पहिल्या बाकावर होता," रुपराव म्हणाले. "मास्तरचं उत्तर वहीत उतरवून घेऊन राह्यला होता."

"चुकलेलं?"

"चुकलेलं."

इंदूबाईंनी त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली. "अजून काय करत हे शाळेत?" त्या म्हणाल्या. "सांगा."